वहिनीच्या पायाच्या मुंग्या

मी उंदरांचा डॉक्टर आहे. हे माझं म्हणणं नाही, गावाचं आहे. पशुवैद्यकीची पदवी घेतली तेव्हा गावाला वाटलं होतं, पोरगा आता दारोदार फिरून म्हशींची बाळंतपणं करील, बैलांच्या खुरांना औषध लावील. तसं काही झालं नाही. परंदवडीच्या बाजूला, कारखान्यांच्या रांगेत, नवी औषधं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे मी लागलो आणि तिथेच केस पांढरे केले. माणसाला द्यायचं औषध आधी उंदरांना द्यायचं आणि त्यांचं काय बिघडतं ते बघायचं, हा माझा धंदा. औषधाने आजार बरा होतो का, हे बघणारे लोक वेगळे. मी फक्त दोष काढतो. माझ्या स्वभावालाही तेच मानवतं, असं माझी बायको म्हणते.

गेली काही वर्षं आमच्याकडे समुद्रातून आलेली औषधं येतात. म्हणजे समुद्रातल्या स्पंजात, शेवाळात, खडकाला चिकटून बसणाऱ्या नाना जीवांत सापडलेली द्रव्यं. आमच्यापर्यंत पोचतं ते नुसतं पांढरं चूर्ण, त्याला ना समुद्राचा वास ना खारटपणा. हल्ली ते कारखान्यातच बनवतात, स्पंज फक्त मूळपुरुष. यातली काही द्रव्यं कॅन्सरच्या पेशीला दोनाची चार होऊ देत नाहीत. पेशी दुभंगायला निघाली की तिच्या आतल्या बारीक दोऱ्यांनाच ती धरून ठेवतात. अडचण एवढीच की तशाच दोऱ्या आपल्या नसांमध्येही असतात, आणि सगळ्यात लांब नसा पायाकडे जातात. त्यामुळे पहिली कुरकुर पायाची असते.

उंदीर ती कुरकुर बोलून दाखवत नाही. म्हणून त्याला जाळीवर ठेवतात आणि खालून नायलॉनचा एक तंतू त्याच्या तळव्याला टोचतात. त्याने पाय उचलला, झटकला, चाटला, तर पाय शाबूत. नुसता बसून राहिला तर समजायचं की काहीतरी गेलं. आमची एक पद्धत अशी की तंतू टोचणाऱ्याला कुठल्या उंदराला औषध मिळालंय आणि कुठल्याला नुसतं पाणी, हे सांगत नाहीत. ज्याला माहीत असतं तो नकळत आपल्याला हवं तेच बघतो. नवीन येणाऱ्या पोरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगतो, आणि अशा थाटात सांगतो की त्यांना वाटावं, हा माणूस कधी चुकत नसेल.

त्या वर्षी अशाच एका स्पंजाच्या औषधाची तपासणी चालू होती. ना कमी ना जास्त, मधला डोस दिलेले काही उंदीर पाय उचलायला जरा उशीर लावत होते. जरासाच. आमच्या मॅडम, म्हणजे त्या कामाच्या प्रमुख, मला म्हणाल्या, "सर, एवढ्याशा फरकाचं किती करायचं? औषध चांगलं आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडणार आहे."

"पडू दे," मी म्हणालो, "पण पाय बधिर होतात हे त्या माणसाला आधी कळू दे. आपण तेवढ्यासाठीच पगार घेतो."

मॅडम हसल्या आणि मान्य केलं. बाई मुळात सरळ आहेत, त्यांनाही तेच हवं होतं. मी मात्र दिवसभर छाती पुढे काढून हिंडलो. हे इथे सांगतोय कारण त्याच सुमारास माझ्या वहिनीला पुण्याच्या दवाखान्यात याच कुळातलं एक औषध सुरू होतं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. त्यांचं घर आणि भातखाचरं कान्ह्याजवळ, मी राहतो लोणावळ्यात. कामावरून परत येताना लोकलमधून कान्ह्याला उतरायचं, वहिनीकडे चहा घ्यायचा आणि मागची गाडी धरून घरी जायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती. मी हाफ चड्डीतला, तरी पहिल्या दिवसापासून तिने मला मान दिला. "भावजी, तुमी आदी नाक पुसा," असं ती म्हणायची. मला डबा करून देणारी, माझ्या मार्कांवरून दादाशी भांडणारी, कॉलेजात मी एका मुलीच्या मागे लागलो तेव्हा सगळ्यात आधी ओळखणारी तीच. मी तिला अहो-जाहो करतो, पण मनात ती माझी आईच आहे, हे सांगायची आमच्याकडे पद्धत नाही म्हणून कधी सांगितलं नाही.

तिला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, औषधं झाली, मधली काही वर्षं बरी गेली. मग तो पुन्हा उगवला, या वेळी लिव्हरमध्ये. आधीच्या औषधाने ऐकलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी हे दुसरं काढलं. मला ते औषध चांगलंच ठाऊक होतं.

गाडीतून परत येताना मी तिला म्हणालो, "वहिनी, हे औषध मुळात समुद्रातल्या एका जिवापासून निघालंय."

"मंजी मासळीच की," ती म्हणाली. "सोमवारी चालंल का? माझा सोमवार असतो."

"मासळी नाही हो. स्पंज. समुद्राच्या तळाला बसून असतो."

"झाड का जनावर?"

"जनावरच. पण जागचं हलत नाही. आयतं पाणी येतं त्यातलं खाऊन बसून राहतं."

"आमच्या ह्यांच्यावानी," वहिनी म्हणाली, आणि समोर बसलेल्या दादाने खिडकीबाहेर बघितलं.

डॉक्टरांनी काय-काय होऊ शकतं ते मला सांगितलं होतं, तिला नाही. शिकलेला नातेवाईक बरोबर असला की डॉक्टर त्याच्याशी इंग्रजीत बोलतात आणि पेशंट दोघांची तोंडं बघत बसतो. मी घरी येऊन तिला समजावलं की केस जातील, तोंडाची चव जाईल, ताप आला तर लगेच फोन करा. पायांचं सांगायचं राहिलं. तेव्हा ते मुद्दाम नव्हतं. पुढचं मुद्दाम होतं.

औषधाने गुण दिला. स्कॅन झाला, तेव्हा लिव्हरमधल्या गाठी आकसल्या होत्या. डॉक्टरांनी पडद्यावर आधीचं आणि आताचं शेजारी-शेजारी लावून दाखवलं. दादाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तो खुर्ची पुढे ओढून बघत बसला. मी इतक्या वर्षांत औषधाचा गुण बघितलेलाच नव्हता, कायम अवगुणच बघितलेले. लोणावळ्याला उतरून मी चिक्की घेतली, गुळाची आणि शेंगदाण्याची दोन्ही, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला नेऊन दिली. तिला चव लागत नव्हती, तरी तिने दोन तुकडे कडाकडा चावून खाल्ले.

मग दसरा आला. संध्याकाळी मी सोनं द्यायला गेलो. वहिनी ओसरीवर खाटेवर पाय सोडून बसली होती, डोक्याला स्कार्फ, आणि शेजारची एक बाई तिला कुणाच्यातरी सुनेचं काहीतरी सांगत होती. वहिनीचं तोंड तिकडे होतं. मी वाकलो आणि दोन्ही हात तिच्या पायांवर ठेवले. दरवर्षी ती पाय चटकन मागे घेते आणि म्हणते, "असू द्या, असू द्या. मोठे व्हा." माझ्या पांढऱ्या केसांकडे बघूनही मोठे व्हाच म्हणते. त्या दिवशी तिने पाय मागे घेतले नाहीत. बोलणं थांबवलं नाही. मी हात तसेच ठेवून वाकून राहिलो. पाय गार होते.

"अगं, तुझा भावजी पाया पडतोय," दादा म्हणाला.

वहिनी दचकली. खाली बघून म्हणाली, "आगं बाई, कवा वाकलं?" सगळे हसले. शेजारीण म्हणाली, सुनेच्या गोष्टीत बायकांना काही सुचत न्हाई. मीही हसलो असेन. पण माझ्या हातांना कळलं होतं. ज्याने आयुष्यभर उंदरांचे पाय बघितले त्याला न कळून कसं चालेल?

तरी मला खात्री करून घ्यायची होती. खात्री करून घेणं हे माझ्या अंगात भिनलंय. पुढच्या रविवारी दुपारी गेलो तर दादा शेतावर होता आणि वहिनी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. पातळ घोट्याच्या वर सरकलं होतं. कोपऱ्यात खराटा होता. मी त्यातली एक बारीक हीर मोडून घेतली, तिच्या पायाशी उकिडवा बसलो आणि आधी अंगठ्याला टोचली. काही नाही. चवड्याला, तळव्याच्या मधोमध, टाचेला. काही नाही. घोट्याच्या वर टोचली तेव्हा तिने झोपेतच माशी उडवल्यासारखा पाय हलवला. दुसऱ्या पायाचंही तेच.

मला अजून त्या दुपारची शरम वाटते. नुसतं लपवल्याची नाही, त्या टोचण्याचीही. जिने मला लहानाचा मोठा केला तिच्या तळव्याला मी न विचारता काडी टोचत बसलो होतो, आणि मनातल्या मनात नोंदी करत होतो की डावा इतका, उजवा इतका. ती हीर मी खिशात घालून नेली आणि स्टेशनच्या वाटेवर टाकून दिली.

पुढच्या वेळी दवाखान्यात मीच बरोबर गेलो. दादा बाहेर थांबला. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बघितले, वहिनीला भूक-झोप विचारली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "टिंगलिंग? नंबनेस? एनिथिंग इन द फीट?"

मला काय होणार ते माहीत होतं. हो म्हटलं की डॉक्टर पाय तपासणार, एखादं इंजेक्शन पुढे ढकलणार, मग डोस कमी करणार. हे रोजचं आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही, कमी डोसानेही बहुतेकांचं काम भागतं, हेही मला माहीत होतं. पण डोळ्यांसमोर ती आकसलेली गाठ होती. ती मला आणखी आकसायला हवी होती. गाठ गेली की पायांचं बघू, असं मी मनात म्हटलं. चालायला जमतंय तेवढं पुरे झालं.

"नो," मी म्हणालो. "नथिंग मच. थोडा वीकनेस."

वहिनी माझ्याकडे बघत होती. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "पायाचं काय इचारत हुते डॉक्टर? फीट का काय म्हणले."

"चालता येतं का, विचारत होते."

"येतं की. जरा जड वाटत्यात. मुंग्या बी येत्यात कदी-कदी."

"अशक्तपणा आहे, वहिनी. दूध घेत जा."

"घेते," ती म्हणाली, आणि खरंच घ्यायला लागली. दुधाचा तिला आयुष्यभर तिटकारा. नाक दाबून रोज पेलाभर प्यायची आणि मी गेलो की रिकामा पेला दाखवायची.

भातकापणीत ती एकदा शेतावर जाऊन आली. घरी पोचली तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती आणि तिला पत्ताच नव्हता. दादाने तिची दिवसभर थट्टा केली की एक पाय माहेरी ठेवून आलीस काय. ती स्वतःही हसत होती, म्हणत होती, म्हातारपण आलं. मी तेव्हा तिथेच होतो. मी शोधायला गेलो, ओढ्याच्या अलीकडे बांधावर ती चप्पल सापडली. तिच्या उघड्या टाचेला बाभळीचा काटा रुतलेला होता, तो काढला तरी तिने हूं की चूं केलं नाही. दादा म्हणाला, बघ, किती सोशिक हाय.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो, कारण पुढचा स्कॅन जवळ आला होता. तो झाला. गाठी आणखी लहान. मला वाटलं, मी बरोबर होतो. त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत एका पोराला झापलं, कारण त्याने एका उंदराच्या पायावरची किरकोळ सूज दुसऱ्या दिवशी सांगितली होती. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "दिसलं त्या क्षणी बोलायचं. उद्या बोलायला आपण काय पंचांग बघतो?" बोलून झालं. मी जाऊन तोंड धुऊन आलो.

डिसेंबरात मावळात थंडी पडते. एका रविवारी सकाळी मी गेलो तर वहिनी मागच्या पडवीत चुलीपुढे बसली होती. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं त्यांच्याकडे. शेजारी गॅसच्या शेगडीवर दूध ठेवलेलं. तिने पाय निखाऱ्यांच्या दिशेने पसरले होते, मला चहा गाळून दिला, आणि आम्ही बोलत बसलो. काय बोलत होतो तेही आठवतं. माझ्या मुलीच्या परीक्षेचं. मला कसलासा करपल्याचा वास आला. वहिनीलाही आला.

"दूध लागलं काय बुडाला," ती म्हणाली, आणि बसल्या जागेवरून हात लांब करून तिने दुधाचं भांडं उतरवलं. आत बघितलं. "न्हाई, चांगलं हाय की."

मी खाली बघितलं. चुलीतून एक निखारा पुढे घसरला होता आणि तिची डावी टाच त्यावर टेकलेली होती.

मी तिचा पाय ओढला, बादलीतलं पाणी ओतलं. वहिनी माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी का घाबरलोय हे तिला समजत नव्हतं. पाय उलटा करून बघितला तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. प्रयोगशाळेत गरम पाटीवर ठेवून पाय तपासतो त्या उंदरालासुद्धा आम्ही भाजू देत नाही. पाय उचलायची ठरलेली वेळ टळली की उचलून घेतो, तसा नियमच आहे.

औषधाने तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, त्यामुळे जखम चिघळली. तापाने तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि ज्याला मी घाबरत होतो तेच झालं. औषध कमी नाही, पूर्णच थांबलं, जखम भरेपर्यंत. डॉक्टरांनी तिचे दोन्ही पाय तपासले, काटेचमच्याएवढी एक टोकदार वस्तू घेऊन, थेट आमच्यासारखेच. मग मला म्हणाले, "हे एका दिवसात होत नाही. आधी कळलं असतं तर डोस थोडा खाली आणला असता, चालू तरी राहिला असता. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

वहिनी मराठीत विचारलेलं समजली. "न्हाई आलं ध्यानात," ती म्हणाली. "माजंच चुकलं." दवाखान्याच्या जिन्यात दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू हायस म्हणून मी निर्धास्त हाय बघ. न्हाईतर आमाला काय कळतंय." मी त्याचा हात झटकला नाही, इतकाच शहाणपणा केला. खाली रस्त्यावर येऊन एका टपरीमागे उभा राहिलो आणि रडलो.

औषध थांबलं त्या काळात गाठी पुन्हा थोड्या वाढल्या. मग जखम भरली, कमी डोसाने औषध पुन्हा सुरू झालं आणि गाठी आहेत तिथे थांबल्या. अजून थांबलेल्या आहेत. म्हणजे कमी डोस चालत होता. पहिल्यापासून चालला असता का, ते आता कुणी सांगू शकत नाही, आणि हा प्रश्न मला सोडत नाही. आमच्या प्रयोगशाळेतलं ते स्पंजाचं औषधही डोस कमी करून पुढच्या पायरीवर गेलं. मॅडमनी पेढे वाटले. म्हणाल्या, सर, तुमच्या हट्टामुळे. मी पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवून दिला.

वहिनीचे पाय काही परत आले नाहीत. घरातसुद्धा ती मोजे आणि कापडी बूट घालते. गावातल्या बाया तिला विचारतात, शाळेला निघाला का. तीही म्हणते, व्हय, नाव घालायला चालले. पण आवणीच्या वेळी तिला बांधावर बसून राहावं लागलं. भात लावणाऱ्या बायांच्या रांगेत कडेची जागा कायम तिची, ओळ सरळ धरायला. यंदा तिथे दुसरी होती. "चिखलात पाय टाकला तर कुटं टाकला तेच कळत न्हाई," ती मला म्हणाली. "बगून-बगून टाकावं लागतं. असं का आवणी हुती व्हय?"

त्याच दिवशीची गोष्ट. मी रजा काढून गेलो होतो. दुपारी सगळ्या जेवायला ओसरीवर बसल्या. मजुरीला डोंगरातल्या वाडीवरची एक बाई आली होती, तिच्या बहिणीला असाच आजार, आणि पुण्यात कसलीशी इंजेक्शनं सुरू व्हायची होती. वहिनीने तिला सांगून ठेवलं होतं की आमच्या भावजींना इचार, ते औषधंच तपासत्यात. तिला कौतुकच फार. ती बाई भाकरी हातात धरूनच माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "भाऊ, इंजिशन घेतल्यावर काय बगायचं असतं? आमाला कोण सांगत न्हाई."

मी सांगितलं. या वेळी काही राहू दिलं नाही. ताप सांगितला, जेवण सांगितलं. मग म्हणालो, "आणि मावशी, हातापायाला मुंग्या आल्या, पाय जड वाटला, चप्पल निसटलेली कळली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं. अशक्तपणा म्हणून सोडायचं नाही. ते औषध जरा कमी करतात. कमी केलं म्हणजे आशा सोडली असं नसतं. पण सांगितलं नाही तर पाय जातात, आणि मग कळत नाही, भाजलं तरी."

बाईने मान हलवली. सगळं मनात पुन्हा म्हणून बघितल्यासारखी ओठ हलवत उठली. मला क्षणभर हलकं वाटलं. मग मी वळून बघितलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, बूट घातलेले पाय पुढे, ताटात भात तसाच.

बाया पुन्हा खाचरात गेल्या. दादाही गेला. मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "भावजी, बसा."

मी बसलो.

"मला मुंग्या येत हुत्या तवा मी तुमाला सांगितलं हुतं. गाडीत."

"हो."

"तुमाला तवा बी ठावं हुतं हे सगळं?"

मी हो म्हणालो. मग सगळंच सांगितलं. दसऱ्याचं, खराट्याच्या हिरीचं, डॉक्टरांनी इंग्रजीत काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. औषध कमी होईल म्हणून मी घाबरलो, हेही सांगितलं. तुम्ही हव्या होतात मला, असं म्हणालो. इतकी वर्षं न बोललेलं बोललो, आणि बोलताना कळत होतं की हे बोलायची ही वेळ नाही, आता ते स्वतःची कातडी वाचवण्यासारखं दिसतंय.

वहिनी रडली नाही, चिडलीही नाही. ताट बाजूला सारलं. खाचराकडे बघितलं, तिथे तिच्या जागेवरची ओळ वाकडी गेली होती.

"मला इचारलं असतं ना, तर मी बी हेच म्हणले असते," ती म्हणाली. "पाय जाऊ द्या, औषध चालू ठेवा. मला बी मरायचं न्हवतं."

मी मान वर केली.

"पण पाय माजं हुतं, भावजी," ती म्हणाली. "इचारायचं हुतं."

एवढं बोलून तिने भिंतीचा आधार घेतला, खाली बघत एक पाय टाकला, मग दुसरा, आणि आपलं ताट आपण उचलून आत घेऊन गेली.